बल्लाळ

बल्लाळ : एक पुरुषवाचक विशेषनाम. दक्षिण भारतातील राजकुलांत, कोकणातील ब्राह्मण घराण्यांत आणि चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजवंशात ते आढळते.

व्युत्पत्ती : कन्नडमध्ये ‘बल्’ म्हणजे बळकट व ‘आळ्’ म्हणजे माणूस, सेवक किंवा योद्धा, त्यावरून ‘बलवान पुरुष’ असा या नावाचा अर्थ होतो. तमिळमधील ‘वल्’ हा सजातीय शब्द असून शब्दारंभीच्या ‘व’ चा कन्नडमध्ये ‘ब’ होतो. संस्कृत ‘बल’ शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे हे नाव संस्कृतोद्भव वाटते; तथापि त्याचा जुना आढळ मुख्यत्वे कन्नड प्रदेशातील असल्याने द्राविडी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य ठरते.

प्रसार : होयसळ वंशातील दुसरा वीर बल्लाळ (कार. ११७३–१२२०) व तिसरा बल्लाळ हे राजे प्रसिद्ध आहेत. बंगालच्या सेन वंशातील बल्लालसेन (बारावे शतक) याचे नावही हेच असून, सेनांच्या कोरीव लेखांत त्यांनी स्वतःस कर्नाटकातील क्षत्रिय म्हटले आहे. कोकणात हे नाव ‘बाळाजी’ चा पर्याय म्हणून रूढ झाले. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र पहिले बाजीराव हे ‘बाजीराव बल्लाळ’ म्हणून ओळखले जातात. नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नावातील ‘बल्लाळ’ हे पितृनाम होय. पाली (जि. रायगड) येथील अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे नाव बल्लाळ नावाच्या भक्तावरून पडल्याची कथा आहे.

चांद्याचे गोंड राजे : परंपरेनुसार या वंशाचा मूळपुरुष भीम बल्लाळसिंह. पुढील राजांच्या नावांत ‘सिंह’ च्या जागी ‘शाह’ हे फार्सी पद आले. खांडक्या बल्लाळशाह (पंधरावे शतक) याच्या अंगावरील गाठी झरपट नदीच्या पाण्याने बऱ्या झाल्या व त्याने तेथे नगर वसविले, अशी चंद्रपूरची स्थापनाकथा आहे. वैरागड (जि. गडचिरोली) येथील किल्ला बाबाजी बल्लाळशाहाने बांधल्याचे मानले जाते.

नावाच्या साम्यावरून या वंशाचा कर्नाटकाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. सेनांच्या बाबतीत नावाला कोरीव लेखांची जोड आहे. चांद्याची वंशावळ मात्र मुख्यतः मौखिक परंपरेतून आली असून मेजर ल्यूसी-स्मिथ याने १८६९ च्या सुमारास जमाबंदीच्या अहवालात तिची नोंद केली. गोंडी ही स्वतः द्राविडी भाषा असली, तरी प्रतिष्ठित नावे एका समाजाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. म्हणून केवळ नाव हा वंशसंबंधाचा पुरावा ठरत नाही.

वर्धा नदीकाठची जुनी राजधानी बल्लाळपूर ही लोकांच्या उच्चारात ‘ळ’ चा ‘र’ होऊन बल्लारपूर झाली, तर दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील तेथील स्थानकाचे नाव ‘बल्हारशाह’ असे रूढ झाले. राजाचे नाव या रूपांतून टिकून राहिले. त्याचा अर्थ मात्र लोप पावला.