महाविद्यालयाचे नाव आणि गाव

कळमना बाजारातील एका धान्यव्यापारी स्नेह्यांच्या मनात मुलीला राजस्थानातील कोटा येथे नामवंत शाळेतच अकरावी-बारावीला घालायचे होते. डॉक्टर करायचे ना! वस्तुतः एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवर ठरतो. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के पुरतात. गुणवत्ता यादीत शाळेच्या नावास स्थान नाही.

गावास मात्र आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या. त्यांसाठी अधिवासासह दहावी-बारावीही सामान्यतः येथूनच उत्तीर्ण असावी लागते. बारावी परराज्यात केली की त्या जागांवर पाणी सोडावे लागते. माल पारखणारे आपण, हा नियमच वाचत नाही.

मी त्यांना घराजवळचे, प्रयोगशाळा नियमित चालणारे कनिष्ठ महाविद्यालय सुचवले. सूर्यास्तापूर्वी मुलगी जेवायला घरी पोहोचेल, हे तिच्या आजीला अधिक पटले.