कमानिया गेट आणि कॅमेरा बदलण्याचा हिशेब

कॅमेरा बदलायचा की नाही, याचा विचार न जमलेल्या फोटोपासून सुरू करावा लागतो. फोटो हलला, काळवंडला, हवे ते चौकटीत मावले नाही किंवा फोकस भलत्याच माणसावर बसला, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. एखादे औषध फुकटात मिळते, एखाद्याला लाखभर रुपये पडतात. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ एवढेच ठरवून दुकानात गेलेला माणूस बहुधा महागडे औषध घेऊन परततो आणि दुखणे मात्र तसेच राहते.

या चारही तक्रारी एका संध्याकाळी, एका जागी अनुभवायच्या असतील तर जबलपूरच्या कमानिया गेटपाशी उभे राहावे. मार्च १९३९मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पट्टाभि सीतारामय्यांना हरवून दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत तिथे आले होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून ही कमान उभी राहिली. आज ती जुन्या बाजारपेठेच्या ऐन मध्यात आहे. बडा फुहारा आणि सराफा हाकेच्या अंतरावर, डोक्यावर तारांचे जाळे, खाली दुचाकी, रिक्षा, खरेदीला आलेली कुटुंबे आणि खोव्याच्या जिलेबीभोवतीची गर्दी. पुण्यातली तुळशीबाग किंवा नागपुरातली बर्डी ज्याने पाहिली आहे, त्याला या गर्दीची कल्पना सांगावी लागणार नाही.

पहिली अडचण जागेची. कमान उंच आणि रस्ता चिंचोळा. मागे सरकायला वाव नाही. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी किट लेन्स १८ मिलिमीटरपासून सुरू होते. एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरवर तिचा दृष्टिकोन जुन्या फिल्मच्या हिशेबात २७ ते २९ मिलिमीटरच्या लेन्सएवढा भरतो. कमान त्यात कशीबशी मावते आणि ती मावावी म्हणून कॅमेरा वर कलवला की उभ्या भिंती एकमेकींकडे झुकतात, जणू इमारत पाठीवर पडते आहे. शेजारी उभा असलेला मुलगा फोनच्या अल्ट्रावाइड लेन्सने, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरच्या दृष्टिकोनातून, सगळी कमान सहज टिपतो. मोठा कॅमेरा गळ्यात असलेल्याला इथेच पहिला धक्का बसतो. मात्र हा दोष लेन्सचा आहे, बॉडीचा नाही. तीच लेन्स ठेवून नवी, महाग बॉडी घेतली तरी कमान तेवढीच मावेल. कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर थोडे चढतील असे तीन-चार फोटो काढून संगणकावर जोडले तर काम फुकटात होते. गर्दीच्या वेळी जोडाच्या रेषेवर एखादा माणूस अर्धाच उरतो, एवढेच. वास्तूंचे फोटो वारंवार काढणाऱ्याने १० मिलिमीटरच्या आसपास सुरू होणारी वाइड लेन्स घ्यावी. वर्षातून दोनदा काढणाऱ्याला जोडकाम पुरते.

दुसरी अडचण उजेडाची. खरेदीतल्या सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून ती जरा सावकाश पाहायला हवी. सेन्सर म्हणजे पाऊस झेलणारी परात आणि लेन्सचे अपर्चर म्हणजे वरच्या झाकणाचे भोक, असे समजावे. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. हे माप डिजिटल युगातले नाही. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर फिल्मवर ते रूढ केले, म्हणजे कमानिया गेट उभे राहिले तेव्हा ते जुने झाले होते. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या निम्म्याहून थोडा लहान. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्या एपीएस-सीच्याही जेमतेम पाचव्या हिश्शाचा. यावरून ‘सेन्सर मोठा तर रात्रीचा फोटो चांगला’ असे सूत्र तयार झाले. सूत्र खरे आहे, पण अर्धेच, कारण त्यात झाकणाचे भोक मोजलेले नाही.

किट लेन्स झूम केली की तिचे अपर्चर एफ ५.६ होते; फोनचे बहुधा एफ १.८च्या जवळ असते. अपर्चरमधून येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून ५.६ आणि १.८ यांच्यात प्रकाशाचा फरक तिप्पट नसून जवळजवळ दहापट आहे. परात पाचपट मोठी, पण भोक दहापट लहान. अशा हिशेबात झूम केलेली किट लेन्स लावलेला कॅमेरा फोनपेक्षाही कमी प्रकाश गोळा करतो! शिवाय फोन पाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचे मिश्रण करतो, ते वेगळेच. दिवाळीत हौसेने कॅमेरा बाहेर काढून फोनएवढेसुद्धा फोटो न आल्याने हिरमुसलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या कॅमेऱ्यात बिघाड नसतो.

आता त्याच जुन्या बॉडीवर ३५ मिलिमीटर एफ १.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावावी. चालणारी माणसे स्थिर दिसायला शटर १/१२५ सेकंद ठेवायचे आणि किट लेन्सवर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० लागत होता असे धरले, तर या लेन्सवर सुमारे ६४० पुरतो. फोटोतला दाणा एवढा कमी होतो की कॅमेराच नवा घेतल्यासारखे वाटते. याउलट लेन्सचे अपर्चर तेवढेच ठेवून एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर गेले तर सुमारे सव्वादोनपट प्रकाश पदरात पडतो. एकीकडे दहापट, दुसरीकडे सव्वादोनपट. आणि खर्चाचे प्रमाण नेमके उलटे. एफ १.८ला मागचे-पुढचे धूसर होईल ही भीती कमानीच्या बाबतीत फारशी खरी नाही. पंधरा मीटरवर फोकस केला तर एपीएस-सीवर साधारण १० ते २६ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. जवळून काढलेल्या चेहऱ्याला मात्र ती भीती लागू आहे.

नव्या बॉडीतल्या स्थिरीकरणाचाही, म्हणजे हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीचा, इथे गैरसमज होतो. ही सोय फोटो काढणाऱ्याचा हात स्थिर करते, समोरून जाणारी रिक्षा स्थिर करत नाही. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत कमान रेखीव येईल आणि माणसे धुरासारखी वाहताना दिसतील. कोणाला तेच हवे असते. त्यालाही ट्रायपॉड स्वस्त पडतो, पण संध्याकाळी सातला कमानीखाली ट्रायपॉड उघडणे म्हणजे वाहतूक अडवणे. पहाटे, दुकाने उघडण्याआधी, ते सहज जमते. वेळ बदलल्याने दुरुस्त होणारा दोष पैसे देऊन दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न उजेड आणि सावली यांच्यातल्या अंतराचा. नवरात्रात सराफ्यातल्या सुनरहाईच्या देवीचा फोटो काढणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो: सोन्याचे दागिने झगझगीत पांढरे पडतात आणि मागचा मंडप काळा. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. दागिने करपू नयेत एवढा एक्स्पोजर कमी ठेवून रॉमध्ये फोटो काढला, तर दहा वर्षांपूर्वीचा सेन्सरही सावलीतला तपशील बऱ्यापैकी परत देतो. हल्लीची दाणा काढणारी सॉफ्टवेअर जुन्या रॉ फाइलींवरही चालतात. त्यामुळे २०१४ साली काढलेला फोटो आज तेव्हापेक्षा चांगला निघू शकतो. ज्याने कॅमेऱ्यातला रॉचा पर्याय कधी उघडलाच नाही, त्याने आपला कॅमेरा अजून पुरता वापरलेला नाही.

नवी बॉडी खरोखर वेगळी ठरते ती चौथ्या तक्रारीत, फोकसमध्ये. नवशिक्यांसाठीच्या जुन्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात), उदाहरणार्थ निकॉन डी३१००मध्ये, फोकसचे ११ बिंदू होते आणि तेही चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले. आजच्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यात ते जवळजवळ संपूर्ण चौकटभर पसरलेले असतात. शिवाय कॅमेरा माणसाचा डोळा, पक्षी, वाहन ओळखून त्याच्या मागे लागतो. दसऱ्याच्या मिरवणुकीत ढोलवाला गर्दीतून वाट काढत पुढे येतो, मध्ये कोणाचा तरी हात येतो, दिवे लुकलुकतात. अशा वेळी जुन्या कॅमेऱ्याचे दहातले तीन फोटो जमत असतील तर नव्याचे सात-आठ जमू शकतात. हे कौशल्याने थोडेफार भरून निघते, पूर्णपणे नाही. हलत्या विषयाची ज्याला खरी ओढ आहे, त्याने बॉडी बदलण्यात चूक नाही.

मेगापिक्सेलसाठी मात्र बॉडी बदलू नये. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० बिंदूंचा असतो. दर इंचाला ३०० बिंदू धरले तरी २० गुणिले १३ इंचांचा कागदी फोटो त्यातून निघतो. फोरके टीव्हीला सव्वाआठ मेगापिक्सेल लागतात. २४वरून ४५वर गेले तर आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो, पण लांबीत तपशील वाढतो सुमारे ३७ टक्के. ज्याला कमानीचा भिंतभर फोटो छापायचा आहे, त्याच्यासाठी हा फरक खरा. बाकीच्यांना तो फक्त हार्ड डिस्क लवकर भरल्यावर कळतो.

कॅमेरा बदलण्याचे एक कारण असे आहे की ज्यात जुन्या कॅमेऱ्याचा काहीच दोष नसतो. डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक विक्री २०१० साली १२ कोटींच्या घरात होती. २०२३ साली ती ७७ लाखांवर आली. फोनने बाजार खाल्ला. उरलेल्या बाजारात कंपन्या डीएसएलआरकडून मिररलेसकडे वळल्या: सोनीचे ई माउंट (लेन्स बॉडीला जोडण्याची खाच) २०१०मध्ये, निकॉनचे झेड आणि कॅननचे आरएफ २०१८मध्ये आले. कॅननचे आधीचे ईएफ माउंट १९८७पासूनचे, निकॉनचे एफ १९५९पासूनचे. म्हणजे आज डीएसएलआरसाठी नवी महाग लेन्स घेणे म्हणजे उतरत्या वाटेवर घर बांधणे. पण याची दुसरी बाजू मजेशीर आहे: लोक नव्या माउंटकडे गेल्यामुळे जुन्या उत्तम लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्त झाल्या आहेत. अ‍ॅडॉप्टर लावून त्या पुढे नव्या बॉडीवरही चालतात. घेण्याआधी एवढे पाहावे की निकॉनच्या ज्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरतात, त्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर आपोआप फोकस होत नाहीत.

सेकंडहँड बॉडीत शटर किती वेळा उघडले याचा आकडा पाहतात. साध्या बॉडींचे शटर लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते, वरच्या दर्जाच्या बॉडींचे दोन ते चार लाखांच्या. लेन्समध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट बुरशी. मोबाइलच्या टॉर्चने काचेतून आडवा प्रकाश टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ते दिसले की भाव कितीही उतरवला तरी लेन्स परत द्यावी. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवणे हेच बुरशीचे मूळ असते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर काम भागते. नवी वस्तू पावतीविना स्वस्त मिळत असेल तर कंपनीची वॉरंटी गेली असे समजावे. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला, आणि व्यवसायासाठी नोंदणी असलेल्याला तो वजावटीत मिळतो.

व्यावसायिकाचा हिशेब तसा सरळ असतो. लग्नाचा फोटोग्राफर दोन कार्डे बसणारी बॉडी घेतो ती सुंदर फोटोसाठी नव्हे, तर एक कार्ड बिघडले तरी सप्तपदी हातची जाऊ नये म्हणून. त्याला दुसरी, जोडीची बॉडीही लागते. हौशी माणसाला यातले काही लागत नाही.

जबलपूरकराला मोह पडतो तो शहराबाहेर. भेडाघाटचा धुआंधार धबधबा आपल्या नावाप्रमाणे तुषारांचा धूर उडवतो. तिथे पाण्याला टिकणाऱ्या बांधणीची किंमत कळते आणि लेन्स पुसायचे साधे फडके विसरल्याचीही. कान्हा, बांधवगड, पेंच ही तिन्ही राष्ट्रीय उद्याने एका दिवसाच्या टप्प्यात असल्याने ६०० मिलिमीटरच्या लेन्सची स्वप्ने पडू लागतात. पण पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, त्यांचे गाभाक्षेत्र बंद असते. उरलेल्या नऊ महिन्यांत एखादी-दुसरी सफर करणाऱ्याने लेन्स भाड्याने घ्यावी. दोन-अडीच किलोचे ते धूड जिप्सीत तीन तास सांभाळल्यावर ती विकत घ्यायची की नाही, हे खांदाच सांगतो.

विकत घेण्याआधीची चाचणीही कमानिया गेटवरच घेता येते. जुनी आणि भाड्याची किंवा मित्राची नवी बॉडी एकाच संध्याकाळी न्यावी. जागा, लेन्सचा दृष्टिकोन, अपर्चर आणि शटर दोन्हींवर सारखेच ठेवावे, फाइल रॉ असावी. कमान, कमानीखालून येणारा चालता माणूस आणि दुकानाच्या दिव्यातला चेहरा, असे तिन्हींचे प्रत्येकी वीस फोटो काढावे. घरी ते पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहू नयेत. तसे पाहिले तर जास्त मेगापिक्सेलवाला कॅमेरा उगाचच दाणेदार दिसतो. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो ज्या आकारात छापायचे किंवा पाठवायचे त्याच आकारात आणावेत, फाइलींची नावे झाकावीत आणि कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ओळखायला सांगावे.