शंभर मीटरची घाई आणि बेचाळीस किलोमीटरचा धीर

पोलीस भरतीच्या दिवसांत नायगावच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर पहाटेपासून तरुणांच्या रांगा लागतात. मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराला १०० मीटर धावावे लागते आणि १६०० मीटरही. महिलांसाठी हीच अंतरे १०० आणि ८०० मीटर आहेत. पहिली परीक्षा काही सेकंदांत संपते. दुसरीत छाती भरून येते आणि पायांपेक्षा श्वासाचा कस लागतो. दोन्ही धावण्याच्याच परीक्षा असल्या, तरी एकीची तयारी दुसरीला पुरत नाही, हे तेथे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ठाऊक असते.

हाच धडा आज नायगाव, दादर, परळ भागांतील व्यापारी घरांतील अनेक तरुण वेगळ्या वाटेने शिकत आहेत. शाळा-महाविद्यालयात असताना १०० आणि २०० मीटरमध्ये चमकलेला मुलगा पदवीनंतर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. दहा-बारा वर्षांत कंबरेचा घेर वाढतो, रक्तातील साखरेचा अहवाल घरात काळजी निर्माण करतो आणि एखाद्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधील ओळखीचे चेहरे पाहून त्याच्यातील जुना धावपटू जागा होतो. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या या शर्यतीने शहरातील हजारो हौशी माणसांना रस्त्यावर आणले आहे. मात्र जुन्या धावपटूची खरी अडचण येथूनच सुरू होते. त्याला धावणे येत असते. सावकाश धावणे येत नसते.

गणित काय सांगते?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. पहिल्यांदा उतरणारा हौशी धावपटू ते साडेचार तासांत पार करू शकला, तर त्याची कामगिरी चांगली मानली जाते. या वेळेचा हिशेब मांडला, तर प्रत्येक १०० मीटरला सुमारे ३८ सेकंद लागतात. केल्विन किप्टम याने २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचाही १०० मीटरचा सरासरी वेळ १७ सेकंदांहून थोडा अधिक होता. महाविद्यालयात हेच अंतर १२ सेकंदांत तोडलेल्या माणसाला ३८ सेकंदांची चाल अपमानास्पद वाटते. म्हणून तो पहिल्याच आठवड्यात दम लागेपर्यंत पळतो, दुसऱ्यात नडगी दुखू लागते आणि तिसऱ्यात बूट कपाटात जातात.

यामागे शरीराचा हिशेब आहे. वेगवान धावेत स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू राबतात. ते जोर मोठा लावतात, पण लवकर थकतात. १०० मीटरची ऊर्जा जवळजवळ सगळी प्राणवायूच्या मदतीशिवाय निर्माण होते. उलट मॅरेथॉनची जवळजवळ सगळी ऊर्जा प्राणवायूच्या आधारे मिळते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ही हातातील रोकड होय. ती साधारण १८०० ते २००० कॅलरींची असते. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २७०० कॅलरी लागतात. तूट भरून काढायची ती शरीरातील चरबीतून. ही ठेव मोठी असते, पण मोडायला वेळ लागतो. वेगाने धावणारा रोकड उधळतो आणि ३०-३२ किलोमीटरच्या सुमारास एकाएकी रिकामा होतो. संथ धावण्याचा महिनोन्महिने सराव केला, तर शरीर ठेवीतून थोडे थोडे काढण्यास शिकते. मॅरेथॉनच्या तयारीतील सर्वांत मोठा वाटा या शिकवणुकीचा आहे.

ट्रॅक सोडून रस्त्यावर

महाराष्ट्रात या स्थित्यंतराची मोठी उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत याच अंतरात त्यांना रौप्यपदक मिळाले. पुढे त्या मॅरेथॉनकडे वळल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्णपदक जिंकून त्यांनी रिओ ऑलिम्पिकचे दार उघडले. ऑगस्टमध्ये रिओ येथे मात्र त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि १२० वे स्थान मिळाले. ज्यांच्या पायांत ट्रॅकवरची वर्षानुवर्षांची मेहनत होती, त्यांनाही हे अंतर प्रत्येक वेळी नव्याने कमवावे लागले.

सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांचा प्रवास उलट दिशेचा. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळून त्यांनी रिओ येथे अंतिम फेरी गाठली आणि दहावे स्थान मिळविले. लांब अंतराचा पाया पक्का असला, तर त्यावर वेगही उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

हौशी माणसाला जवळचे उदाहरण शिवाजी पार्कात वाढलेले मिलिंद सोमण यांचे. ते मूळचे राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू. रस्त्यावर धावण्यास त्यांनी सुरुवात केली ती मुंबई मॅरेथॉनच्या पहिल्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये, झुरिच येथील आयर्नमन शर्यत पूर्ण केली. उशीर झाला, असे म्हणणाऱ्यांना एवढे पुरे.

तयारीचा क्रम

ज्याने कित्येक वर्षांत सलग पाच किलोमीटर धाव घेतलेली नाही, त्याने पहिल्या वर्षी दहा किलोमीटर, दुसऱ्या वर्षी अर्धमॅरेथॉन आणि त्यानंतरच पूर्ण अंतर, असा क्रम ठेवावा. अर्धमॅरेथॉन झालेल्या माणसाला पूर्ण शर्यतीसाठी सोळा ते वीस आठवडे लागतात. आठवड्यात चार दिवस धावणे पुरेसे. त्यांतील तीन दिवस इतके सावकाश, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. एक दिवस वेगासाठी राखावा. जुन्या धावपटूची हौस तेथे भागते. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नये. दहा टक्क्यांहून अधिक वाढ न करण्याचा प्रघात शहाणपणाचा आहे. रविवारची लांब धाव हळूहळू ३० किलोमीटरपर्यंत न्यावी आणि शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करून शरीराला विश्रांती द्यावी.

नायगावकरांना यासाठी फार दूर जावे लागत नाही. फाइव्ह गार्डनच्या झाडांखालील फेऱ्या रोजच्या सरावाला उत्तम. लांब अंतरासाठी दादरमार्गे शिवाजी पार्क आणि पुढे वरळीचा समुद्रकिनारा आहे. पाय चवड्यांवर टाकण्याची ट्रॅकवरील सवय डांबरी रस्त्यावर पोटऱ्यांना आणि टाचेच्या शिरेला महाग पडते. पावले लहान ठेवावीत आणि खिळ्यांचे बूट विसरून जाड तळव्याचे घ्यावेत.

आहार, व्रत आणि पाणी

जैन घरातील धावपटूपुढे आणखी एक प्रश्न असतो आणि तो टाळून चालत नाही. जानेवारीच्या शर्यतीची तयारी चातुर्मासात सुरू होते. पर्युषण आणि दशलक्षण पर्वही याच काळात येतात. उपवास, एकासणे किंवा आयंबिलाच्या दिवशी लांब धाव ठेवू नये. अठ्ठाई करणाऱ्याने त्या आठवड्यात धावणेच थांबवावे आणि पारण्यानंतर काही दिवस केवळ चालावे. वीस आठवड्यांच्या वेळापत्रकात हा आठवडा आधीच सोडून ठेवता येतो. त्याने तयारी बिघडत नाही.

अधिक कठीण प्रश्न नवकारसीचा. मुंबईत जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी म्हणजे आठ वाजून गेल्यावर नवकारसी पाळता येते. पूर्ण मॅरेथॉन मात्र पहाटे पाचला सुटते. तीन तास पाण्याविना धावणे शरीराला धोक्याचे आहे. येथे नियम मोडावा की शर्यत सोडावी, हे ज्याचे त्याने, घरातील वडीलधाऱ्यांशी आणि गुरुमहाराजांशी बोलून आधीच ठरवावे. नियम पाळूनही धावायचे असेल, तर सूर्योदयानंतर बऱ्याच उशिरा सुटणारी लहान शर्यत निवडण्यात कमीपणा काही नाही. दोन्ही साधण्याच्या हट्टात तहानलेल्या शरीराला रस्त्यावर ओढणे हा पर्याय नव्हे. संध्याकाळी सराव करणाऱ्या चौविहारी माणसानेही असाच विचार करावा. सूर्यास्तानंतर घाम गाळून रात्रभर तहानलेले राहण्यापेक्षा पहाटेची वेळ बरी.

आहाराची अडचण त्या मानाने सोपी आहे. धावपटूंना सर्रास सांगितले जाणारे बटाटे आणि रताळी येथे चालत नाहीत. त्यांची जागा कच्ची केळी, भात, पोहे आणि खाकरा घेऊ शकतात. बाजारातील ऊर्जा-जेलच्या वेष्टनावर मध किंवा जिलेटिन आहे का, ते वाचून घ्यावे. धावताना खजूर, खडीसाखर आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरते. उकळलेले पाणी पिणाऱ्याने आपली बाटली कमरेला बांधावी. मूग, चणे, दूध आणि पनीर यांतून स्नायूंची झीज भरून निघते. तहानेपेक्षा खूप जास्त पाणी पिणेही घातक ठरते, हेही लक्षात असू द्यावे.

चाळिशी जवळ आलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, अथवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने सरावाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. छातीत कळ आली किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबावे. तरुणपणीचे पदक हृदयाचा विमा नव्हे.

मुंबई मॅरेथॉनच्या उत्तरार्धात येणारा पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे धावपटूंची परीक्षा घेत आला आहे. पहिले दहा किलोमीटर जोशात तोडलेले अनेकजण तेथे कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात; त्यांच्या शेजारून सुरुवातीला मागे राहिलेले, ३८ सेकंदांच्या चालीने निघालेले लोक शांतपणे पुढे जातात. जुना वेगवान धावपटू ज्या दिवशी त्या दुसऱ्या रांगेत स्वखुशीने उभा राहतो, त्या दिवशी त्याची तयारी खऱ्या अर्थाने सुरू होते. ती नीट झाली की नाही, याची खूण साधी आहे: रविवारी शर्यत पूर्ण करून सोमवारी दुकानाचे शटर त्याच्याच हाताने, नेहमीच्या वेळी उघडले पाहिजे.