सायकलचे यंत्रशास्त्र (लेखांक ६) : दाते, क्रँक आणि पायांची लय

सायकलचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे सरकते हा पहिला आकडा आणि मिनिटाला अशा किती फेऱ्या होतात हा दुसरा. पहिला आकडा काढायला पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागायचे आणि चाकाच्या परिघाने गुणायचे. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी वापरलेल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर गुणोत्तर २.४४ येते. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२२ मीटर, म्हणून एका फेरीत सायकल ५.४ मीटर जाते. मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या की ताशी १६ किलोमीटर. सपाट रस्त्याला हे गुणोत्तर इतके सोयीचे आहे की ते बदलायची फारशी गरजच भासली नाही. घाट लागला की उतरायचे आणि सायकल ढकलायची.

दुसऱ्या आकड्याला सायकलस्वार ‘केडन्स’ म्हणतात. २०० वॉट शक्ती लावायची आहे असे समजू. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ती लावायची तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सरासरी १९ किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. फेऱ्या ९० केल्या की तोच दाब पावणेतेरा किलोवर येतो. शक्ती तीच, पण पहिल्या रीतीत मांड्या लवकर भरून येतात, तर दुसरीत श्वास आणि हृदय यांच्यावर जास्त भार पडतो. यात एक कोडे आहे. प्रयोगशाळेत प्राणवायूचा खर्च मोजला तर तो मिनिटाला साठच्या आसपासच्या फेऱ्यांना सर्वांत कमी भरतो. तरीही मुरलेले शर्यतपटू स्वतःहून नव्वदच्या आसपासची लय पकडतात. त्यांना तासन्‌तास पाय ताजे ठेवायचे असतात, आणि प्रत्येक फेरीतला दाब कमी ठेवण्यासाठी थोडा जास्त प्राणवायू खर्ची घालणे त्यांना परवडते. नवख्याने पहिल्या दिवसापासून नव्वदचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सत्तर-पंच्याहत्तर फेऱ्यांवर बूड सीटवर न उसळता बसता आले, तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमांत केडन्स आणि गिअर यांचे नाते स्वच्छ दिसते. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते ५२–१४ (पुढे ५२, मागे १४ दाते) या गिअरवर. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेनखेन येथे ५६.७९२ किलोमीटर कापले, तेव्हा त्याच्या सायकलला ६५–१४ हा गिअर होता. गुणोत्तर ३.७१ वरून ४.६४ वर गेले, पण दोघांच्याही पायांची लय मिनिटाला शंभराच्या जवळपासच राहिली. गान्नाचा वेग मोठ्या चेनव्हीलमुळे वाढला असे मात्र नाही. वाकून बसण्याची पद्धत, कपडे आणि सायकलची घडण यांनी हवेचा विरोध घटला, त्यातून वेग वाढला, आणि त्या वेगाला पायांची लय जुळावी म्हणून दाते वाढवावे लागले.

हा क्रम उलटा धरल्यामुळे गिअरची निवड हमखास चुकते. मोठे चेनव्हील बसवले की सायकल वेगवान होईल अशी समजूत दुकानात सर्रास ऐकू येते. ५०–११ या गिअरवर ९० च्या लयीत सायकल ताशी सुमारे ५२ किलोमीटरने धावते. घाट उतरताना सोडला, तर हा वेग हौशी सायकलस्वाराच्या वाट्याला येत नाही. त्याला अडचण येते ती दुसऱ्या टोकाला, म्हणजे चढावर.

सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो आणि चढ ८ टक्के, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर उंची, असे धरू. बोरघाटात किंवा कसारा घाटात धापा टाकलेल्यांना असा चढ कसा असतो हे सांगायला नको. १५० वॉट लावणारा माणूस तेथे ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास चढतो. शर्यतपटूंच्या जुन्या पद्धतीच्या ३९–२५ या सर्वांत हलक्या गिअरवर त्याचे पाय मिनिटाला जेमतेम ४० फेऱ्या मारतील. म्हणजे प्रत्येक फेरी गुडघ्यावर येणार. ३४–२८ वर त्या ५१ होतात आणि ३४–३४ वर ६२. तेव्हा निवडीची सुरुवात चढावरच्या स्वतःच्या वेगापासून करावी. नेहमीच्या सर्वांत कठीण चढावर साठ फेऱ्या मारता येतील असा हलका गिअर आधी ठरवायचा, मग जड टोक पाहायचे. पुढे ५०–३४ आणि मागे ११–३४ हा संच बहुतेकांना पुरतो. तो लावल्याने कमीपणा येतो असे मानणाऱ्यांचे गुडघे ते मत फार काळ टिकू देत नाहीत.

मागची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, अशी पसरट केली की शेजारच्या दोन चक्रांच्या दात्यांमधले अंतर वाढते, आणि ही त्याची किंमत असते. १६ वरून १४ दात्यांवर गेले की त्याच वेगाला ९० ची लय ७९ वर घसरते. गटाने सपाटीवर पळवणाऱ्याला हे खटकते, एकट्याने घाट चढणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते.

चेनमध्ये वाया जाणारी शक्ती थोडी, पण फुकटात वाचवता येण्याजोगी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांत चेनची कार्यक्षमता सर्वोत्तम स्थितीत ९८.६ टक्के भरली. दाते जास्त तितका अपव्यय कमी, कारण मोठ्या चक्रावर चेनचा प्रत्येक दुवा कमी कोनातून वळतो. म्हणून ३४–१२ आणि ५०–१७ ही गुणोत्तरे जवळपास सारखी असली तरी दुसरे घ्यावे. पहिल्यात चेन तिरकीही पडते.

क्रँकच्या लांबीविषयी जितका वाद होतो, तितका फरक तिने पडत नाही. बाजारात प्रामुख्याने १६५ ते १७५ मिलिमीटरचे क्रँक मिळतात. लांब क्रँक म्हणजे लांब तरफ, म्हणून जास्त जोर, हा तर्क अर्धाच आहे, कारण तरफ लांबली की पायाचे वर्तुळही मोठे होते. जिम मार्टिन आणि वेनीन स्पिरड्युसो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० ते २२० मिलिमीटरचे क्रँक वापरून कमाल शक्ती मोजली. १४५ आणि १७० यांच्यात नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही. शक्ती घटली ती दोन्ही टोकांना, आणि तीही थोडीच.

खरा फरक पडतो तो शरीराच्या ठेवणीत. क्रँक आखूड असला की पेडल वर आल्यावर गुडघा छातीकडे कमी येतो, कंबरेचा कोन मोकळा राहतो आणि खाली वाकून बसणे सुसह्य होते. २०२४ मध्ये शर्यतपटू तादेय पोगाचारने १६५ मिलिमीटरचे क्रँक वापरायला सुरुवात केल्यापासून आखूड क्रँकला मागणी आली आहे. उंची कमी असलेल्यांना, गुडघेदुखी असलेल्यांना त्याचा लाभ जास्त. १७५ वरून १६५ वर आल्यास पेडलवर सुमारे ६ टक्के अधिक दाब द्यावा लागतो, पण मागे ३४ ऐवजी ३६ दात्यांचे चक्र घेतले की तो भरून निघतो. मात्र तेवढे मोठे चक्र आपल्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला) चालते का, हे आधी पाहावे. क्रँक जितका आखूड केला, सीट तितकीच वर घ्यावी लागते, कारण पेडलचे सर्वांत खालचे स्थान तेवढेच वर आलेले असते.