उसाच्या पेशीतील प्रथिनांचा शोध : क्षारपड जमिनीच्या संदर्भात

काटेवाडीपासून इंदापूरकडे पसरलेल्या उसाच्या पट्ट्याला नीरा डाव्या कालव्याने समृद्धी दिली. परंतु जेथे पाण्याचा निचरा झाला नाही, तेथे काही जमिनी क्षारपडही झाल्या. अशा जमिनीत सर्वच वाण सारखे तग धरत नाहीत. पाडेगाव संशोधन केंद्राचा ‘फुले २६५’ तुलनेने बरा येतो. असे का घडते, याचे उत्तर केवळ जनुकांत शोधून भागत नाही. जनुक ही सूचना होय. प्रत्यक्ष कार्य प्रथिने करतात. मुळाच्या आणि पानाच्या पेशींत जनुके तीच, प्रथिने मात्र भिन्न, आणि क्षारांचा ताण येताच तीही बदलतात. या संपूर्ण प्रथिनसमुच्चयास मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये ‘प्रोटिओम’ ही संज्ञा दिली.

अभ्यासातील अडचणी शेतातच सुरू होतात. पान कापताच पेशीतील विकरे प्रथिनांचे विघटन करू लागतात. म्हणून नमुना बांधावरच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. शिवाय उसाचे पान तंतुमय असते, आणि त्यातील फिनॉलयुक्त द्रव्ये व बहुशर्करा प्रथिनांसोबतच बाहेर येतात. नमुना अशुद्ध राहिला, तर पुढील महागडी उपकरणेही व्यर्थ ठरतात.

याहून मूलभूत अडचण प्रमाणाची आहे. डीएनएचा सूक्ष्म अंश पीसीआर तंत्राने कोट्यवधी पटींनी वाढविता येतो. प्रथिनांसाठी असे तंत्र नाही. जेवढे हाती आले तेवढ्यावरच काम करावे लागते. त्यातच पानात रुबिस्कोसारखी मोजकी प्रथिने विपुल असतात. गहू-भातात विद्राव्य प्रथिनांचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या रुबिस्कोचा असू शकतो. उसात तो कमी असला, तरी विरळ प्रथिने झाकण्यास पुरेसा आहे. सोडियम पेशीबाहेर किंवा रिक्तिकेत लोटणारी प्रथिने नेमकी अशीच विरळ असतात. त्यातून ती पटलात रुतलेली व पाण्यात न विरघळणारी. १९७५ पासून रूढ असलेल्या द्विमितीय जेल पद्धतीत ती बहुधा निसटतात. म्हणजे ज्यांचा शोध घ्यावयाचा, तीच सर्वप्रथम हरवतात!

मास स्पेक्ट्रोमीटरने ही उणीव बरीच भरून काढली. मोठे रेणू न मोडता त्यांचे आयनीकरण करण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल पारितोषिक लाभले. तथापि हे यंत्र प्रथिनाचे नाव सांगत नाही. ते तुकड्यांचे वस्तुमान मोजते, आणि ओळख ज्ञात जनुकक्रमांशी तुलना करून पटवावी लागते. लागवडीच्या उसात सुमारे १०० ते १३० गुणसूत्रे व एकाच जनुकाच्या अनेक किंचित भिन्न प्रती असतात. ‘आर ५७०’ या वाणाचा तपशीलवार जनुकक्रम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्याने ही तुलना सुकर झाली आहे. मात्र तो वाण आपल्या शेतातील नव्हे. ‘फुले २६५’ मधील जो बारकावा त्यात नाही, तो सामान्य तुलनेत ओळखला जात नाही.