मुद्दाम घातलेली खोटी लहर

विरार लोकलच्या गोंगाटातही आपण ओळखीची हाक टिपतो, कारण तो आवाज आधीच ठाऊक असतो. गुरुत्वीय लहरींचेही तसेच. कृष्णविवरांच्या टकरीतून उमटणाऱ्या लहरीचे गणिती नमुने बनवून ते नोंदींशी ताडण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’त डॉ. संजीव धुरंधर व सहकाऱ्यांनी मोलाचे काम केले.

पण शोधणारे सज्ज आहेत का? सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या जाणकारांनी अमेरिकेतील ‘लायगो’चे आरसे गुपचूप हलवून कृत्रिम लहर घातली. अशी परीक्षा होणार हे सर्वांना माहीत होते. केव्हा, ते नव्हते! लहर सापडली, शोधनिबंधही लिहून झाला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला, तेव्हा ती बनावट निघाली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पुन्हा लहर आली. अनेकांनी आधी हेच विचारले, “कोणी घातली तर नाही ना?”

कोणीच घातली नव्हती.