संगणकातील अनाहूत पाहुणा

घराच्या मागच्या दाराने कोणी रोज येऊन जात असेल आणि घरधन्याला त्याचा पत्ताही नसेल, तर ते घर सुरक्षित म्हणता येईल का? आज रत्नागिरीत आंबा बागायतदाराचा व्यवहार, मच्छीमाराचे बँक खाते आणि बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाशी घरच्यांचा संवाद मोबाईल व संगणकावरच चालतो. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

काही सॉफ्टवेअर आपल्या परवानगीवाचून इंटरनेटद्वारे बाहेरच्या संगणकाशी संपर्क साधते. असा प्रत्येक संपर्क दुष्ट हेतूचाच असतो असे नाही. विषाणूरोधक सॉफ्टवेअरला अद्ययावत राहण्यासाठी तो करावाच लागतो. परंतु वापरणाऱ्याला त्याची कल्पना दिली आहे का, हा खरा मुद्दा आहे. विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर दररोज कंपनीशी संपर्क साधते, हे २००६ साली उघड झाले. टीका होताच कंपनीने तो दैनंदिन संपर्क थांबविला.

याहून गंभीर उदाहरण आपल्या जवळचे आहे. आदिवासींसाठी झटणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना भीमा-कोरेगाव प्रकरणी ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या संगणकात दूरवरून शिरून फाइली ठेवण्यात आल्या होत्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला. तपास यंत्रणेने या संस्थेचे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ज्या वाटेने आपली माहिती बाहेर जाते, त्याच वाटेने परके काही आतही येऊ शकते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट व जाणीवपूर्वक दिलेली असावी लागते.

कायदा असला तरी दाराची कडी आपणच लावावयाची आहे. अनोळखी दुवे व फाइली उघडू नयेत. विजेरीच्या ॲपने संपर्कयादी मागितल्यास ती नाकारावी. नको असलेली ॲप काढून टाकावीत आणि सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमधील परवानग्या तरुणांनी त्यांच्याशेजारी बसून तपासाव्यात. शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्टही त्याच मोबाईलमध्ये असते. तिची राखण करणे हेही आपलेच कर्तव्य आहे.